खडकावर साईड-बाय-साईडचा बेल्ट सारखा जळतोय: दोष कुठे आणि कसा शोधायचा

साईड-बाय-साईड म्हणजे शेजारी-शेजारी सीट असलेली, रस्त्याबाहेर चालवायची चारचाकी. लक्षण असं. गाडी खडकाला नाक लावून उभी आहे. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी वीतभर सरकते आणि थांबते. सीटच्या मागून जळक्या रबराचा वास येतो. तरीही दाबत राहिलं तर बेल्टच्या कव्हरच्या नळीतून धूर निघतो, आत काहीतरी फटफट आपटतं आणि गाडी तिथेच बसते. नवा बेल्ट टाकला की काही रविवार बरे जातात. मग तसाच एखादा खडक समोर येतो आणि तोच वास पुन्हा सुटतो.

आपल्याकडे साईड-बाय-साईड बाळगणारे फार नाहीत. त्यामुळे ठाण्यात काय किंवा वाशी-पनवेल पट्ट्यात काय, हा दोष ओळखणारा मेकॅनिक पटकन सापडत नाही. बेल्ट बाहेरून मागवावा लागतो. पैसे जातात ते जातातच, वर वाट पाहावी लागते. मग सगळा राग बेल्टवर निघतो: माल डुप्लिकेट निघाला. कधीकधी निघतोही. पण ओळखीतल्या गाड्यांचे जे गेलेले बेल्ट मी हातात घेऊन पाहिले, त्यातले बहुतेक चांगल्या मालाचे होते. बेल्ट घसरतो म्हणून तापतो आणि तापतो म्हणून जातो. घसरण्याचं कारण गाडीत किंवा चालवण्यात तसंच राहिलं, तर कितीही भारीतला बेल्ट टाका, त्याचीही तीच गत होणार.

हे सगळं सीव्हीटी बेल्टवर (दोन पुल्यांमधला, गिअरचं प्रमाण आपोआप बदलणारा पट्टा) चालणाऱ्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे पोलारिस आरझेडआर, कॅन-ॲम मॅव्हरिक आणि त्यांच्या जातीच्या. होंडा टॅलन किंवा यामाहा वायएक्सझेडमध्ये बेल्टच नाही, त्या गिअरवर चालतात.

स्कूटरचा बेल्ट टिकतो, हा का टिकत नाही

गल्लीतला कोणताही स्कूटर मेकॅनिक बेल्ट आणि पुली ओळखतो. ॲक्टिव्हा उघडून उघडून त्याचा हात बसलेला असतो, तेव्हा त्याची मदत जरूर घ्या. फक्त एक फरक त्याला आधी सांगा. स्कूटरमध्ये बेल्ट कायम ताणलेला असतो. गाडी सुटताना जी घसर लागते ती मागच्या क्लच शूमध्ये होते, बेल्टवर येत नाही. आरझेडआरसारख्या गाडीत असा वेगळा क्लच नाही. तिथे पुल्यांच्या जोडीलाच क्लच म्हणतात; मागची पुली ती सेकंडरी. इंजिन आयडलवर असताना पुढच्या पुलीच्या, म्हणजे प्रायमरीच्या, दोन प्लेटा बेल्टला धरतच नाहीत. आरपीएम वाढले की आतली वजनं बाहेर फेकली जातात, प्लेटा जवळ येतात आणि बेल्टला चिमटीत धरतात. म्हणजे गाडी जागेवरून सुटताना दर वेळी घसरतो तो बेल्टच. सपाटीवर हे निमिषभरात उरकतं. खडकावर गाडी इंच-इंच पुढे जाते, थांबते, पुन्हा सुटते, त्यामुळे दिवसभर बेल्ट अर्धवट पकडीतच राबतो.

त्यात आपला दगड बेसाल्ट. कोरड्या काळ्या कातळावर टायर जो धरून बसतो, तो चिखलात किंवा मुरमात कधीच बसत नाही. चिखलात जोर जास्त झाला की टायर फिरतो आणि बेल्ट वाचतो. कातळावर टायर फिरायला तयार नाही, इंजिन थांबायला तयार नाही, मग मधली सगळ्यात कच्ची जागा घसरते आणि ती जागा म्हणजे बेल्ट. ज्यांनी दोन पावसाळे चिखलात मजेत काढले त्यांचा बेल्ट एप्रिल-मेमध्ये खदानीत का जातो, त्याचं हे उत्तर. चांगले, चिकट रबराचे टायर टाकल्यावर बेल्ट जास्त जायला लागले अशी तक्रार बरेच जण करतात. तक्रार खरी आहे, पण दोष टायरचा नाही. टायर धरायला लागला, म्हणून मागचा कच्चेपणा उघडा पडला.

जुना बेल्ट वाचा

गेलेला बेल्ट कचऱ्यात टाकू नका. तुकडे झाले असतील तर तुकडे गोळा करा. उन्हात वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि सावकाश फिरवत पाहा. बेल्टच्या दोन तिरक्या बाजू, म्हणजे पुलीला घासणाऱ्या, सगळ्यात जास्त सांगतात. आतले दात त्याखालोखाल. बेल्टची काळी भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडाला काहीतरी बांधा आणि नंतर हात साबणाने धुवा.

पूर्ण बेल्ट ठीक आणि एकाच जागी तो अरुंद झालेला, कंबर आत गेल्यासारखा दिसला, तर निदान सोपं आहे. चाकं अडकली होती, बेल्ट जागचा हलत नव्हता आणि प्रायमरी त्याच एका जागेवर फिरत, तासत राहिली. हे काही सेकंदांत होतं. डोळ्याला नीट कळत नसेल तर वर्नियर लावून चार-पाच ठिकाणी रुंदी मोजा. दोन जागांमध्ये एक मिलिमीटरहून जास्त फरक आला तर मी तो बेल्ट स्पेअर म्हणूनही ठेवत नाही, कारण तो पुन्हा लावला की अरुंद जागा पुलीतून जाताना दर फेऱ्याला गाडी हिसका देते. अशा बेल्टनंतर क्लच किटवर खर्च करण्यात अर्थ नाही. सुधारायचं आहे ते पाय कुठे आणि किती दाबतो ते.

दोन्ही बाजू सगळीकडून काचेसारख्या चकचकीत, हात लावला तर टणक, असा बेल्ट बराच काळ थोडाथोडा घसरत आलेला असतो. एका घटनेने तो मरत नाही, सवयीने मरतो. कारणं नेहमीची: हाय गिअरमध्ये खडक चढणं, मोठे टायर लावून क्लच तसाच ठेवणं, सेकंडरीची स्प्रिंग मऊ पडणं किंवा पुलीवर तेल येणं. तेलाचा शोध आधी घ्या. पुलीच्या प्लेटेवर बोट फिरवून पाहा. बोट कोरडं, राखाडी झालं तर ठीक. ओशट लागलं तर क्रँकच्या किंवा गिअरबॉक्सच्या सीलकडे पाहा. नवा बेल्ट नंतर.

एकाच बाजूची कड उसवलेली, धागे लोंबताहेत, दुसरी कड बरी, हे दोन पुल्या एका ओळीत नसल्याचं चिन्ह. खडकावर गाडी पोटावर आपटते, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट ढिले होतात, रबर फाटतं. पहारीने हलका रेटा देऊन इंजिन हलवून पाहा. माउंट शाबूत असेल तर रबराइतकंच लवतं. गेला असेल तर खट्‌ असा आवाज करत सरकतं.

दातांच्या मुळाशी बारीक चिरा, एखाददुसरा दात गळालेला, असा बेल्ट उष्णतेने म्हातारा झालेला असतो. दुकानात किंवा तुमच्याच कपाटात वर्षानुवर्षं घट्ट दुमडून पडलेला बेल्टही असाच होतो. स्पेअर बेल्ट मोठ्या गोलात, सैल ठेवा. केबल टायने आवळून सीटखाली कोंबू नका.

आणि सरळ दोन तुकडे, कापल्यासारखे, बाकी बेल्ट जवळजवळ नवा? इथे घसरण नाही, धक्का आहे. एक चाक हवेत होतं, पाय दाबलेला होता, चाक गरगर फिरत होतं आणि तसंच खडकावर टेकलं. फिरतं चाक एका क्षणात थांबलं की तो सगळा हिसका ॲक्सल, गिअरबॉक्स आणि बेल्टमधून मागे येतो. बेल्टने मान टाकली नसती तर ॲक्सलने टाकली असती. चाक हवेत गेलं की पाय ढिला करायचा आणि टेकल्यावरच पुन्हा द्यायचा, याला दुसरा उपाय नाही.

एवढं पाहिलं की पुढची अर्धी धावपळ वाचते. बऱ्याचदा दोन खुणा एकत्र सापडतात. त्यातली जी ठळक असेल तिच्यामागे आधी लागा.

लो गिअर आणि दोन पाय

सगळ्यात जास्त बेल्ट इथे वाचतात आणि यात खर्च शून्य आहे, म्हणून जरा विस्ताराने.

पुष्कळ लोकांच्या डोक्यात असं असतं की लो गिअर म्हणजे इंजिन ओरडणार, म्हणजे गाडीला त्रास. खडकावर उलट आहे. प्रायमरी बेल्टला किती जोराने धरते ते आरपीएमवर ठरतं आणि तो जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो: आरपीएम दुप्पट तर वजनांचा रेटा चौपट. पायी चालण्याच्या गतीने हाय गिअरमध्ये खडक चढताना इंजिन कमी फिरतं, चिमटी ढिली असते आणि चाकाला हवा असतो भरपूर जोर. घसरणारच. त्याच गतीला लोमध्ये इंजिन जास्त फिरतं, चिमटी घट्ट बसते, शिवाय बेल्टच्या पुढचे गिअरचे दाते चाकाचा जोर वाढवून देतात, त्यामुळे बेल्टवरचा ताण उतरतो. तिसरा फायदा हवेचा. कव्हरमध्ये थंड हवा ओढणारे पंखे प्रायमरीच्याच पाठीवर असतात. इंजिन जास्त फिरलं की हवाही जास्त खेळते. पोलारिसच्या बऱ्याच पुस्तिकांमध्ये साधारण ताशी ११ किलोमीटरच्या खालच्या चालीला, अडथळे ओलांडताना आणि गाडी ट्रेलरवर चढवताना लो वापरा, असं स्पष्ट दिलेलं आहे. ट्रेलरचा मुद्दा लोक विसरतात. आपल्याकडे ही गाडी टेम्पोवर किंवा ट्रेलरवर घालूनच न्यावी लागते. फळ्यांवरून हाय गिअरमध्ये, अर्ध्या पायाने चढवली की दिवस सुरू व्हायच्या आतच बेल्ट तापलेला असतो. उतरवताना आणि चढवताना, दोन्ही वेळा लो.

गिअर बदलताना गाडी पूर्ण थांबलेली आणि इंजिन आयडलवर हवं. ऑल-व्हील ड्राइव्हही खडकाला भिडण्याआधी, चाकं फिरत नसताना लावा. मागची चाकं गरगर फिरत असताना बटण दाबलं की पुढच्या डिफरन्शियलला झटका बसतो.

आता पाय. चढावर मधेच थांबावं लागलं, समोरचा स्पॉटर, म्हणजे वाट दाखवणारा माणूस, हाताने "थांब, थांब" करतोय, अशा वेळी गाडी मागे घसरू नये म्हणून ॲक्सिलरेटर हलका दाबून धरणं ही फार महागडी सवय आहे. गाडी जागेवर उभी राहते खरी, पण तिला धरून ठेवलेलं असतं घसरत्या बेल्टने. गाडी ब्रेकवर धरा. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर. निघताना आधी उजवा ठामपणे दाबा, म्हणजे प्रायमरी बेल्टला पकडेल, आणि पकड आल्याचं जाणवताच डावा सोडत या. पाय चोरून दिला की बेल्ट शिजतो. ठाम द्या, पण थोडा वेळ द्या: दोन सेकंदांत गाडी हलली नाही तर सोडा. मागे या, वाट बदला, दगड भरा किंवा विंच, म्हणजे गाडी ओढायची दोरीची चरखी, काढा. तिथेच दाबत राहण्याने खडक हलत नाही.

विंच शेवटचा उपाय म्हणून ठेवणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. दोरी ओढायला दहा मिनिटं जातात, बेल्ट बदलायला उतारावर तास जातो.

टायर, वजन आणि पोट

मोठे टायर लावले की फायनल गिअरिंग आपोआप उंच होतं. कंपनीचा २७ इंची टायर काढून ३० इंची लावला तर ३० भागिले २७, म्हणजे सुमारे ११ टक्के. ३२ इंची लावला तर साडेअठरा टक्के. इंजिन तेच, बेल्ट तोच, आणि त्याला पूर्वीपेक्षा जवळजवळ पाचवा हिस्सा जास्त जोर द्यायचा आहे. वर टायर स्वतः जड. ३० इंचांपर्यंत लो गिअर आणि नीट चालवणं यावर निभावतं असा माझा अनुभव आहे. ३२ किंवा त्यावर जायचं असेल तर क्लचची वजनं, स्प्रिंगा आणि हेलिक्स (सेकंडरीतला तिरक्या उताराचा भाग) त्या मापाला जुळवून घ्यावेच लागतात. सतत खडकच करणार असाल तर गिअरबॉक्समध्ये गिअर रिडक्शन, म्हणजे आणखी खालचं गिअरिंग, हे जास्त सरळ उत्तर आहे. पोर्टल, म्हणजे चाकाजवळ बसणारे गिअरचे डबे, बसवले तर उंचीही मिळते आणि रिडक्शनही, पण खर्च मोठा आणि गुरुत्वमध्य वर जातो. आडव्या उतारावर गाडी कलंडायला कमी कारण पुरतं.

हवेचा दाब खाली आणा. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारं कडं) नसलेल्या रिमवर मी कातळासाठी ८ ते १० पीएसआय ठेवतो. बीडलॉक असेल तर आणखी खाली जाता येतं. टायर दगडाच्या अंगाशी लपेटतो, चाक उड्या मारत नाही आणि वर सांगितलेला हिसका कमी बसतो. पेट्रोल पंपावरच्या गेजवर इतका कमी दाब भरवशाने कळत नाही. ० ते ३० पीएसआयचा छोटा गेज जवळ ठेवा.

पोटाखालची प्लेट बेल्टशी जोडलेली आहे हे पटकन लक्षात येत नाही. ॲल्युमिनियमची प्लेट खरबरीत बेसाल्टवर रुतते, गाडी पोटावर अडकते, चालवणारा पाय दाबतो, बेल्ट जळतो. यूएचएमडब्ल्यू या चिवट, गुळगुळीत प्लास्टिकची जाड शीट त्याच दगडावरून सरकून जाते. तयार स्किड प्लेट महाग वाटत असेल तर रबाळे, तुर्भे, वागळे इस्टेट या औद्योगिक पट्ट्यांत इंजिनिअरिंग प्लास्टिकची शीट आणि ती कापून, भोकं पाडून देणारा माणूस शोधायला फार पायपीट करावी लागत नाही. बोल्टची डोकी शीटमध्ये बुडतील अशी खाच करून घ्या, नाहीतर पहिल्याच दगडावर ती उडतात. शीट बसवताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहा: बेल्टच्या कव्हरचा ड्रेन प्लग आणि इंजिन ऑइलचा प्लग तिच्याखाली झाकला जाता कामा नये.

बाकी वजन. मागे बर्फाचा डबा, दोन कॅन पेट्रोल, स्पीकर, जादा स्पेअर. खडकाच्या दिवशी हे खाली उतरवून ठेवा.

हवा आणि उष्णता

खदानीतली दगडाची भुकटी पिठासारखी बारीक असते. ती बेल्टच्या हवेच्या फिल्टरवर बसते आणि फिल्टर बंद होतो. इंजिनचा एअर फिल्टर सगळे साफ करतात, बेल्टचा कुणी उघडत नाही. काही गाड्यांत तो सीटच्या मागे, काहींत बाजूच्या पॅनेलमध्ये असतो. दर फेरीनंतर काढून झटका, फोमचा असेल तर पुस्तिकेत दिलंय तसा धुवा. हवेच्या नळ्यांचे क्लॅम्प पाहा. नळी आतून चेपली असेल, किंवा उंदराने त्यात कापूस आणून भरला असेल, तरी बाहेरून दिसत नाही. गाडी शेडमध्ये महिनोन्महिने उभी असेल तर आत टॉर्च मारून पाहाच.

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो, आता ठाण्यातही मिळतो. कव्हर उघडून मोजताना नेम पुलीच्या चकचकीत धातूवर धरू नका, तिथे आकडा खोटा, कमी येतो. काळ्या रबरावर धरा. इंजिन बंद आणि किल्ली खिशात, हे सांगायला नको. माझा हिशोब असा: ८० अंश सेल्सियसपर्यंत निर्धास्त, ९५ च्या वर गेला की थांबून थंड करायचं. दर वेळी कव्हर उघडणं कटकटीचं वाटत असेल तर कव्हरमध्ये बसवायचे बेल्ट टेम्परेचर गेज मिळतात आणि खडकासाठी मी आधी ते घेईन, लाइट बार नंतर.

तापला की इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये टाकून, आयडलपेक्षा थोडे जास्त आरपीएम ठेवून दोन-तीन मिनिटं चालू द्या, आतली गरम हवा बाहेर निघते. धूर येत असेल तर मात्र ताबडतोब बंद. मे महिन्यात दुपारी बाराच्या उन्हात खदानीची भिंतसुद्धा भट्टी झालेली असते. पहाटे टेम्पो काढा, दहापर्यंत अवघड खडक उरका.

पाऊस

जूननंतर दोषाचं रूप बदलतं. बेल्ट घसरतो पण जळका वास नसतो, कारण आत पाणी गेलेलं असतं. ओढ्यातून गेलात किंवा प्रेशर वॉशरने बाजूने फवारा मारलात की कव्हरच्या सीलमधून पाणी शिरतं. ड्रेन प्लग काढून पाणी वाहू द्या, गिअर न्यूट्रलला टाका आणि इंजिन थोड्या-थोड्या वेळाने वर-खाली फिरवा. पुल्यांच्या वाऱ्याने आतलं उरलेलं पाणी निघतं. मग प्लग लावा, लोमध्ये टाकून सपाटीवर थोडं चालवा. ओल्या बेल्टने खडकाला हात घालू नका. दर पाण्यानंतर पाणी सापडत असेल तर कव्हरचं रबर सील आणि नळ्यांचे जोड तपासा. शेवाळलेल्या कातळावर तसाही टायर धरत नाही. तिथे बेल्टपेक्षा माणसाची हाडं जास्त धोक्यात असतात.

बेल्ट बदलताना जे राहून जातं

एक बेल्ट फुटला आणि पुढचा दोनच फेऱ्यांत गेला, ही तक्रार आली की मी आधी विचारतो: आतले धागे सगळे काढले का? फुटलेल्या बेल्टचे धागे प्रायमरीच्या मागे क्रँकभोवती सुतळीसारखे गुंडाळले जातात. बाहेरून दिसत नाहीत. ते सील कापतात, सीलमधून तेल झिरपतं, तेल पुलीवर उडतं आणि नवा बेल्ट घसरू लागतो. टॉर्च, छोटा आरसा आणि लांब चिमटा घेऊन दोन्ही पुल्यांच्या मागे पाहा. धाग्याचं टोक दिसलं तर पुली उलट-सुलट फिरवत सावकाश ओढून काढा. हवेच्या नळ्यांतही तुकडे अडकतात. ब्लोअर मारून काढा.

पुलीच्या प्लेटांवर रबराचा चकचकीत थर बसलेला असतो. स्कॉच-ब्राइटने तो मोडा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डिझेल, रॉकेल किंवा गंज काढायचा स्प्रे तिथे लावू नका, त्याचा ओशटपणा उरतो. जाड पॉलिश पेपरही नको. नवा बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मग लावावा. त्यावर बाण असेल तर बाणाच्या दिशेने, नसेल तर वरची अक्षरं सरळ वाचता येतील अशी बाजू ठेवतात; जुनाच परत लावताय तर पूर्वी फिरत होता त्याच दिशेने. सेकंडरीत बेल्ट कडेच्या किंचित वर बसला पाहिजे. आत बुडाला असेल तर सुटताना गाडी हिसके देते. फार ताणलेला असेल तर आयडललाच गाडी पुढे ओढते आणि गिअर पडताना कुरकुरतो.

मग पहिले ५० ते ८० किलोमीटर बेल्टला सांभाळून घ्या: पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, ओझं नाही, खडक तर नाहीच. आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड, कारण गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि रविवार एकच असतो. खाजगी जागेतल्या सपाट भागात सकाळचे दोन तास फक्त फेऱ्या मारायची परवानगी मालकाकडून घ्या. दोन बेल्ट एकाच वेळी असे तयार करून ठेवले तर स्पेअरही मुरलेला मिळतो आणि डोंगरात लावल्यावर लगेच कामाला लागतो.

जागेचं बोलायचं तर ती खाजगी आणि मालकाच्या परवानगीचीच हवी. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथल्या वाटांवर ही गाडी नेणं म्हणजे वनगुन्हा ओढवून घेणं आणि जंगलाचं नुकसान करणं. माझ्या लेखी याला अपवाद नाही.

तरीही बेल्ट जातोच आहे

बेल्ट काढून ठेवा, मागचं टोक जॅकवर घ्या, न्यूट्रलमध्ये एकेक चाक हाताने फिरवा. जड फिरतंय, ब्रेक घासतोय? कॅलिपरच्या पिनांत मुरूम बसून त्या अडकतात आणि गाडी दिवसभर ब्रेक लावूनच खडक चढत राहते. पिना साफ करून, ग्रीस लावून चाक मोकळं करा. मग सेकंडरीच्या प्लेटा हाताने उघडून सोडा. एका दमात, गुळगुळीत मिटल्या पाहिजेत. मध्येच अडकल्या तर रोलर किंवा बुश झिजलेले आहेत. प्रायमरीची हलती प्लेट डावी-उजवी हलवून पाहा, खेळ जाणवला तर तीही उघडावी लागेल. त्यासाठी खास पुलर लागतो. हातोडा आणि पाना घेऊन ठोकणाऱ्याच्या हाती ती देऊ नका, क्रँकची टोकं अशानेच जातात. स्प्रिंगाही याच वेळी नव्या स्प्रिंगेशी ताडून पाहा.

मेकॅनिककडे नुसतं "बेल्ट जळतो" सांगत जाऊ नका. एका कागदावर लिहून न्या: टायर कोणत्या मापाचे आणि कंपनीचे मूळचे कोणते, क्लचमध्ये कुणी काही बदललंय का, खडकावर कोणत्या गिअरमध्ये असता, बेल्ट किती किलोमीटरवर गेला, जाताना आवाज आधी आला की वास, इंजिनचे आरपीएम किती होते आणि चाक फिरत होतं की अडकलेलं. सोबत गेलेला बेल्ट न्या आणि त्यावर पांढऱ्या खडूने पुढची-मागची दिशा लिहून ठेवा.